ऐनवेळचे विषय : निरंक

पारोळ्याहून धुळ्याकडं निघालं की हायवेच्या उजव्या हाताला एक फाटा फुटतो. तिथून आत तीन किलोमीटरवर हे गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर तालुक्याच्या लोकांना कळेल, आणि तालुक्याला काही कळलं की ते लगेच परिपत्रक काढतात.

या गावात हनीफ पिंजारी हा माणूस एकोणीस वर्षं पक्षाचा बूथप्रमुख होता. बूथप्रमुख म्हणजे मतदार यादीतल्या एका भागाचा, नऊशे-साडेनऊशे मतांचा, बिनपगारी राखणदार. भत्ता नाही, गाडी नाही. मतदानाच्या दिवशी उजाडायच्या आत शाळेसमोर टेबल मांडून बसायचं, आणि मतदान नसेल तेव्हा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता बैठक घ्यायची. मतदानाचं काही नाही हो, तो एका दिवसाचा खेळ. माणसाचा जीव जातो तो बैठकीत.

त्यातून बैठक हनीफभाईंच्या दुकानात. दुकान गाद्या भरायचं. खुर्च्या पाच, बाकीच्यांनी बसायचं ते नव्या भरलेल्या गाद्यांवर. दुपारची वेळ, पोटात भाकरी, बुडाखाली ताजा कापूस, आणि समोर हनीफभाई परिपत्रक वाचतायत. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' एवढं कानावर पडेपर्यंत कौतिकनाना घोरायला लागलेले असत. कौतिकनाना पक्षात सगळ्यांत जुने. चाळीस वर्षांत त्यांनी एकही बैठक चुकवली नव्हती आणि एकही पूर्ण ऐकली नव्हती.

बैठक कशी घ्यायची हेही वरून ठरून आलेलं. आधी स्वागत, मग मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम करायचं, मग परिपत्रक, मग मार्गदर्शन, मग कुणाचा तरी सत्कार, मग अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय, मग आभार. शेवटी सगळ्यांनी रजिस्टरवर सह्या करायच्या, फोटो काढायचा आणि रजिस्टरच्या पानासकट तालुक्याच्या ग्रुपवर टाकायचा. कार्यकर्ता माणूस बिचारा सकाळपासून कापूस वेचून नाहीतर दुकान सांभाळून आलेला. त्याला कुणाचं मार्गदर्शन हवंय? त्याला दोन शब्द बोलायचे असतात, आणि ते बोलायची पाळी येते सत्कारानंतर, म्हणजे निम्मे लोक चपला शोधायला लागल्यावर.

माणसं टिकावीत म्हणून हनीफभाईंनी काय काय करून पाहिलं. सत्कार वाढवले. दर महिन्याला एकाचा सत्कार, पण शाल एकच, फोटो झाला की परत पेटीत. तिसऱ्या महिन्यापासून लोक शाल अंगावर पडायच्या आतच घडी घालून परत द्यायला लागले. मग थंडीत त्यांनी भरताचा बेत केला. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली, हिरवी मिरची बडवून घातली, वर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी. एकतीस माणसं आली. खाल्लं, बोटं चाटली, आणि परिपत्रक बाहेर काढायच्या आत एकतीसची सहा झाली. पुढच्या महिन्यात फोनवर जो तो एकच विचारी, "भरीत शे का?" नाही म्हटलं की ज्याच्या-त्याच्या घरी पाहुणे.

या सगळ्यात न बोलावता, वेळेवर आणि शेवटपर्यंत बसणारी एकच बाई होती. रत्ना. अडतीस-चाळिशीची, सातवी पास, नवरा ट्रकवर, स्वतः शेतात मजुरीला जाणारी. खालच्या गल्लीत राहायची. बूथ चालायचा तो खरं तर तिच्या डोक्यावर. यादीतलं कोण सुरतेला कामाला गेलंय, कोण वारलंय, कुठली सून अजून माहेरच्याच यादीत आहे, हे तिला तोंडपाठ. समितीत अकरा माणसं लागतात, त्यांत तीन बायका. बाकीच्या दोघी यायच्या त्या रत्ना येते म्हणून. ती उठली की त्या उठल्याच, हे हनीफभाईंना चांगलं माहीत होतं.

रत्नाचा एकच विषय असायचा. पाणी. जास्त द्या असंही तिचं म्हणणं नव्हतं. गावाला पाणी येतं आठ-दहा दिवसांनी, पण कुठल्या दिवशी येणार ते कुणाला ठाऊक नसतं. खालच्या गल्लीतल्या बाया सगळ्या मजुरीवर. आज येईल म्हणून रोज बुडवून घरी थांबावं, तर येत नाही. कामावर जावं, तर नेमकं त्याच दिवशी येतं आणि हंडे कोरडे. तिचं मागणं एवढंच, की पाण्याचा वार ठरवा आणि फळ्यावर लिहा. दर महिन्याला ऐनवेळचे विषय आले की ती उभी राहायची, पदर नीट करायची आणि हे सांगायची. हनीफभाई मान हलवायचे, म्हणायचे, "लिखी लेस." आणि लिहायचे खरंच. काय लिहायचे, ते पुढं येतंय.

पहिल्या वेळी त्यांनी इमानदारीनं तिचं सगळं म्हणणं लिहून पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून लीलाधरचा फोन. लीलाधर तालुक्याचा सरचिटणीस, वयानं हनीफभाईंहून वीस वर्षांनी लहान, पण पद मोठं म्हणून सगळे त्याला लीलाधरभाऊ म्हणत. तो म्हणाला, "हनीफभाई, हे काय लिहिलंय? पंचायतीत आपलीच माणसं आहेत. हे वर गेलं की वरून मला विचारणा होते. तिथं निरंक लिहीत जा."

"आणि बाई बोलल्या त्याचं?"

"बोलू द्या ना. बोलायला कोण नाही म्हणतंय? रकाना रिकामा नको, म्हणून निरंक."

आता हनीफभाई काही वाईट माणूस नव्हता. त्यांना वाटलं, आपण पंचायतीत तोंडी सांगूच, कागदावर कशाला भांडण. तोंडी सांगायचं तेवढं राहून गेलं. पुढचे चौदा महिने रत्ना बोलत राहिली, आणि ते त्या रकान्यात वळणदार अक्षरात 'निरंक' लिहीत राहिले. खाली रत्ना सही करायची.

झेडपीची निवडणूक तोंडावर आली. तालुक्यानं कळवलं, बूथ समित्या नव्यानं करा, अकरा जणांच्या सह्या निरीक्षकासमोर झाल्या पाहिजेत. जिथं अकरा भरणार नाहीत तो बूथ शेजारच्या बूथला जोडू आणि बूथप्रमुख बदलू. निरीक्षक म्हणून रविवारी लीलाधर स्वतः येणार होता. हनीफभाईंनी अकरा नावं मोजून ठेवली, गाद्यांवर नवी चादर टाकायचं ठरवलं, आणि बुधवारी सकाळी रत्ना दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

"हनीफभाऊ, निरंक म्हंजे काय शे?"

हनीफभाईंच्या हातात गादी शिवायचा दाभण होता. तो त्यांनी खाली ठेवला. त्यांना कळेना, ही आज असं का विचारतेय.

झालं होतं असं. रत्नाला लेकीच्या कॉलेजसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. ती मंगळवारी कचेरीत गेली. तिथल्या माणसानं अर्ज पाहत पाहत तोंडानं वाचलं, "शेतजमीन, निरंक." ही एकदम खुलली. म्हणाली, "मंजूर झाली का? कुठं आहे?" कचेरीतली माणसं हसली. एकानं समजावून सांगितलं, बाई, निरंक म्हणजे काही नाही. शून्य. तुमच्या नावावर शेत नाही असं लिहिलंय.

रत्ना चौदा महिने समजत होती, की निरंक म्हणजे पुढं गेलं. मंजूरसारखाच काहीतरी सरकारी शब्द असेल, तिच्या विषयापुढं दर वेळी इतक्या सुंदर अक्षरात लिहिला जातो, खाली तिची सही घेतात, म्हणजे काम वाटेला लागलंय. तिनं ते गल्लीत सांगितलं. गल्लीनं तो शब्द उचलला. बाया हंडे घेऊन बसल्या आणि एखादी कुरकुरली, की दुसरी म्हणायची, "थोडा दम धर, आपलं पानी निरंक व्हई गयं शे." आणि खरा घात पुढंच आहे. दिवाळीच्या सुमाराला दुसऱ्या पक्षाचा एक माणूस गल्लीत आला होता. पाण्याचा वार मी ठरवून देतो, चाळीस बायांच्या सह्या द्या, म्हणाला. रत्नानं त्याला परत पाठवलं. त्याला सांगितलं, "आमनं काम निरंक व्हयेल शे." तो माणूस तिच्या तोंडाकडं बघत राहिला होता. तो का बघत होता ते तिला मंगळवारी कळलं.

हे सगळं तिनं पायरीवर उभं राहूनच सांगितलं. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, "तुम्ही मले गल्लीमा खोटं पाडं, भाऊ. मी आते सही कराव नही."

हनीफभाई म्हणाले, "रत्ना, चुकी व्हई गई. मले माफ कर."

"मले काय सांगतस? गल्लीले सांगा."

आणि ती कामावर गेली. हनीफभाईंनी दाभण पुन्हा उचलला. त्यांना लाज वाटली, आणि लाजेबरोबर भीतीही वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. रत्ना गेली म्हणजे तीन बायका गेल्या, तीन गेल्या म्हणजे अकराचे आठ झाले, आणि आठ झाले म्हणजे एकोणीस वर्षांचं बूथप्रमुखपद गेलं. दुसऱ्या पदाची हौस त्यांनी कधी केली नव्हती. पण गावात पोलीस आले, तहसीलदार आले, की 'हनीफभाईंना बोलवा' म्हणतात, त्याचं त्यांना अप्रूप होतं. एका पिंजाऱ्याला कोण बोलवतं एरवी?

जेवताना त्यांनी खातूनला, बायकोला, सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जाणार का गल्लीत?"

"बायकांसमोर हात जोडत फिरू?"

"बायकांसमोरच लिहिलं होतं ना?" खातून म्हणाली आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली.

शनिवारी पाणी येणार अशी बोलवा होती, म्हणून खालची गल्ली घरीच होती. हनीफभाई रजिस्टर काखेत मारून गेले. सव्वीस घरं. प्रत्येक दारात त्यांनी तेच सांगितलं, की निरंक म्हणजे काही नाही, हा शब्द मी लिहिला, रत्नाचा यात दोष नाही, ती दर महिन्याला बोलली होती. पहिल्या दारात त्यांची जीभ जड झाली. पाचव्या-सहाव्या दारापासून जरा सैल सुटली. एकीनं दार लावून घेतलं. एकीनं चहा केला, आणि तो पिताना हनीफभाईंना तोंड वर करवेना. दोघी-तिघी तर हसल्याच, म्हणाल्या, चला, निदान एका पुढाऱ्याला घरोघर फिरताना पाहिलं, तेही मत न मागता. रत्ना मागून चालत होती.

मंजुळाबाई म्हणून एक म्हातारी होती, सत्तरीच्या पुढची, एकटी राहायची. तिनं रजिस्टर हातात घेतलं. वाचता येत नव्हतं, पण पानं उलटत राहिली, आणि म्हणाली, "कोठे शे तो शब्द?" हनीफभाईंनी बोट ठेवलं. तिनं तिथं स्वतःचं बोट ठेवलं, मग पुढच्या पानावर, मग त्याच्या पुढच्या. चौदाही पानं झाल्यावर विचारलं, "म्हंजे आम्ही बोलनूत ते काहीच नव्हतं का?"

हनीफभाईंनी रजिस्टर मिटून काखेत घेतलं. बाई रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. त्या दिवशी पाणीही आलं नाही.

घरी येऊन त्यांनी रजिस्टर उघडलं आणि प्रत्येक निरंकच्या खाली, जेवढी जागा होती तेवढ्यात, बारीक अक्षरात लिहून काढलं, रत्नाबाई पाण्याच्या वारासंबंधी बोलल्या, पुढं पाठवलं नाही. चौदा वेळा लिहिलं. चौदा वेळा खाली सही केली.

रविवारी लीलाधर पावणेपाचला आला. सोबत नऊ पानांचं परिपत्रक. समितीची माणसं जमली होती, कौतिकनाना नेहमीच्या गादीवर टेकले होते. रत्नाच्या दोन मैत्रिणी आल्या आणि दाराशी बसल्या. रत्ना आली ती उंबऱ्यातच उभी राहिली, आत आली नाही. हनीफभाईंनी सरळ सांगून टाकलं, "लीलाधरभाऊ, आज ऐनवेळचे विषय पहिले घेऊ."

"पहिले कसे? त्यांना ऐनवेळचे म्हणतात. ते शेवटीच येतात."

"शेवटाला कुणी उरत नाही, भाऊ."

आणि परवानगीची वाट न बघता त्यांनी मागचं इतिवृत्त वाचायला घेतलं. मागचं म्हणजे एका महिन्याचं नाही, चौदा महिन्यांचं, निरंक आणि त्याखालचं बारीक अक्षरातलं दोन्ही. चौथ्या महिन्याला लीलाधर म्हणाला, "जुन्या इतिवृत्तात अशी भर घालता येत नाही. नियमात बसत नाही."

"तुम्हीच सांगितलं होतं निरंक लिहायला," हनीफभाई म्हणाले. "मी लिहिलं. चूक माझी आहे, पण फोन तुमचा होता."

लीलाधर मोबाइलमध्ये बघायला लागला. तेवढ्यात गादीवरून आवाज आला. कौतिकनाना जागे होते. जागे म्हणजे चांगले उठून बसले होते. "हनीफ," ते म्हणाले, "मना नालाना मुद्दा लिखेल शे का त्यामा?"

"कुठला मुद्दा, नाना?"

"मी बोलनू व्हतू. शाळानापाशी नाला शे, त्यावर फरशी टाका."

नाना कधी बोलले होते ते कुणालाच आठवेना. जुनं रजिस्टर पेटीतून निघालं, सत्काराच्या शालीखालून. सापडलं सहा वर्षांपूर्वीचं पान. तिथं हनीफभाईंच्याच हातानं लिहिलेलं होतं, 'श्री. कौतिक यांनी नाल्यावर फरशी टाकण्याबाबत सूचना मांडली.' नानांनी ते वाक्य तीनदा वाचून घेतलं आणि चष्मा पुसला. मग काय, ज्याला-त्याला आपलं आपलं आठवायला लागलं. मी दिव्याचं बोललो होतो, माझं स्मशानाच्या रस्त्याचं होतं, बघा बरं लिहिलंय का. सहा वाजले. उन्हं उतरली तरी कुणी चपला शोधेना. भरताच्या दिवशीसुद्धा माणसं इतका वेळ थांबली नव्हती. लीलाधरचं नऊ पानांचं परिपत्रक चादरीवर तसंच पडून होतं.

पाण्याचं ठरलं ते एवढंच, की पाणी सोडणारा झिपरू गावातच राहतो, उद्या सकाळी त्याला आणि मग सरपंचाला जाऊन भेटायचं, आणि वार ठरेपर्यंत जात राहायचं. कोण जाणार ते नावानिशी लिहायचं. हनीफभाईंनी स्वतःचं नाव लिहिलं. उंबऱ्यातून रत्ना म्हणाली, "मनं बी लिखा." त्यांनी लिहिलं. तिनं रजिस्टर मागून घेतलं आणि उभ्यानंच, ओळीखाली बोट धरून, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. वेळ लागला. सगळे थांबले. 'पाठपुरावा' या शब्दावर ती अडली, अर्थ विचारला. हनीफभाई म्हणाले, काम होईपर्यंत मागं लागणं. मग असंच लिहा, ती म्हणाली. त्यांनी तो शब्द खोडून तसं लिहिलं. इतिवृत्ताखाली तिनं सही केली.

लीलाधरनं आता समितीचा फॉर्म पुढं केला. दहा सह्या झाल्या, दोघी मैत्रिणींनीही केल्या. फॉर्म रत्नापुढं आला तेव्हा तिनं मान हलवली.

"पानीना वार ठरू द्या पह्यले," ती म्हणाली. "मंग सही."

"बाई, आजच लागते," लीलाधर म्हणाला. "उद्या फॉर्म जळगावला जाणार. दहाच झाल्या तर समिती अपुरी. बूथ जोडला जाईल, मी काही करू शकणार नाही." मग हनीफभाईंकडं वळून हळू आवाजात म्हणाला, "समजावा ना त्यांना. नाहीतर दुसरं एखादं नाव टाका. खातूनभाभींचं टाका, घरातच आहेत."

हनीफभाईंनी रत्नाकडं पाहिलं. तिला समजावणं त्यांना जमलं असतं. वीस वर्षांची ओळख होती, दोन शब्द गोड बोलले असते तर बाईनं कदाचित ऐकलंही असतं. खातूनही आत होती, पेन तिच्या हातात द्यायला अर्धं मिनिट लागलं नसतं. एकोणीस वर्षं डोळ्यांसमोर आली नाहीत असं नाही.

"दहाच लिहा, भाऊ," ते म्हणाले. "दहा आहेत तर दहाच लिहा."

लीलाधरनं फॉर्मची घडी घातली, फोटो न काढताच गाडीला किक मारली आणि गेला. माणसं बोलत बोलत पांगली. रत्ना चादर झटकायला थांबली. एक टोक तिनं धरलं, एक हनीफभाईंनी.

"पुढली बैठक कवय शे?" तिनं विचारलं.

"पहिला रविवार. पन मी बूथप्रमुख राहसू का नही, माहित नही."

"ते तालुकावाला पाहतीन," रत्ना चादरीची घडी त्यांच्या हातात देत म्हणाली. "बैठक शे ना?"

"शे."

"मंग मी येसू."